अतिथी सेवेचे शास्त्र: चेन्नईतील हॉटेल व्यवसायात उतरणाऱ्यांना काय ठाऊक असावे?

चेन्नई : शिक्षण पूर्ण होताच रोजगार मिळवून देणाऱ्या क्षेत्रांमध्ये हॉटेल व आदरातिथ्य व्यवसायाचे नाव आवर्जून घेतले जाते. महाराष्ट्रातील अनेक तरुण या व्यवसायासाठी मुंबई, पुणे आणि गोव्याबरोबरच दक्षिणेतील महानगरांचीही वाट धरतात. मात्र हसतमुख चेहरा आणि इस्त्रीचा गणवेश एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात टिकाव लागत नाही. अन्नाचे तापमान, साफसफाईची रसायने, आग, कायदा, भाषा आणि स्थानिक रीतिरिवाज यांचे ज्ञान कर्मचाऱ्याला असावे लागते. हे ज्ञान अपुरे असेल तर कधी पाहुण्याच्या, तर कधी कर्मचाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. देशातील जुन्या हॉटेल-नगरांपैकी एक असलेल्या चेन्नईच्या उदाहरणावरून या व्यवसायाची मूलतत्त्वे समजून घेता येतील.

चेन्नईचा पाहुणा कोण?

पाहुणा कोणत्या कामासाठी आला आहे, हे ओळखणे ही सेवेची पहिली पायरी होय. चेन्नईत येणारे पाहुणे नाना प्रकारचे आहेत. अड्यारची कर्करोग संस्था १९५४ पासून, शंकर नेत्रालय १९७८ पासून आणि अपोलो रुग्णालय १९८३ पासून या शहरात कार्यरत आहे. उपचारांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून तसेच परदेशांतून रुग्ण येथे येतात. त्यांचे नातेवाईक रुग्णालयांच्या आसपासच्या लॉजमध्ये आणि हॉटेलांत दिवसच्या दिवस मुक्काम करतात. अशा पाहुण्याला झगमगाटापेक्षा कमी तिखटाचे जेवण, रात्री-अपरात्री मिळणारे गरम पाणी, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण आणि शांतता यांची गरज अधिक असते.

दुसरा वर्ग उद्योगांशी निगडित आहे. श्रीपेरुंबुदुर परिसरातील ह्युंदाईच्या कारखान्यात १९९८ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू झाले, तर ओरगडम येथे रेनॉ-निसानचा प्रकल्प २०१० मध्ये उभा राहिला. त्यामुळे कोरियन आणि जपानी अभियंत्यांचे दीर्घ मुक्काम येथील हॉटेलांच्या अंगवळणी पडले आहेत. तिसरा वर्ग मार्गळी महिन्यातील, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील, संगीत महोत्सवासाठी येणाऱ्या रसिकांचा, तर चौथा मामल्लपुरम आणि कांचीपुरमकडे जाणाऱ्या पर्यटकांचा व भाविकांचा आहे.

या सर्व यंत्रणेची कसोटी लागली ती २०२२ मध्ये. ४४वी बुद्धिबळ ऑलिम्पियाड मूळ यजमान रशियाकडून काढून घेण्यात आली आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती चेन्नईला देण्यात आली. २८ जुलै ते १० ऑगस्ट या काळात मामल्लपुरम येथे झालेल्या या स्पर्धेत १८०हून अधिक देशांचे खेळाडू सहभागी झाले होते. त्यांच्या निवासाची आणि भोजनाची सिद्धता अवघ्या चार महिन्यांत करावी लागली. आहाराचे धार्मिक नियम, ॲलर्जी, भाषा आणि वेळापत्रक यांची माहिती आधी मिळवून ती मुदपाकखान्यापासून बसचालकापर्यंत पोहोचवणे हे अशा कामाचे मर्म असते.

छत्रांपासून तारांकित हॉटेलांपर्यंत

तमिळ भूमीतील अतिथी सेवेच्या इतिहासात मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक प्रकरण आहे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी निवास व अन्नदानाची केंद्रे, उभारली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी एक. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कारभाराचे वर्णन आढळते. कोणत्याही जातीच्या प्रवाशाला तेथे अन्न मिळे. शिजवलेला भात न चालणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जात असे. आजारी प्रवाशांसाठी वैद्य नेमलेले असत आणि तान्ह्या मुलांसाठी दुधाची सोय असे.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर आहारातील पर्याय, चोवीस तासांची सेवा, आरोग्य सुविधा आणि कोणीही वगळला जाऊ नये यासाठी ठरवून दिलेली कार्यपद्धती, हे सर्व त्या व्यवस्थेत होते. सेवा चांगल्या मनावर न सोपवता नियमात बांधावी लागते, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या घंटेतून आजही घेता येतो.

चेन्नई शहरातील आधुनिक हॉटेलांची परंपराही जुनी आहे. १८५४ मध्ये इम्पिरियल या नावाने सुरू झालेले हॉटेल १८९० मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ते आजही सुरू आहे. उडुपी परिसरातून आलेल्या के. कृष्ण राव यांनी १९३८ मध्ये रोयापेट्टा भागात वुडलँड्स हॉटेल काढले आणि दक्षिण भारतीय शाकाहारी भोजनगृहाला स्वच्छता व प्रतिष्ठा यांची जोड दिली. कॅथीड्रल रोडवरील वुडलँड्स ड्राइव्ह-इन १९६२ ते २००८ या काळात शहराचे भेटीगाठींचे ठिकाण होते. आयटीसी समूहाने आपले पहिले हॉटेल १९७५ मध्ये याच शहरात उघडले. याच समूहाचे ग्रँड चोळा हे ६०० खोल्यांचे हॉटेल २०१२ मध्ये गिंडी येथे सुरू झाले.

प्रशिक्षणाची सोय

हॉटेल व्यवस्थापनाचे पद्धतशीर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. दादर येथील ही संस्था आजही अग्रगण्य मानली जाते. चेन्नईतील हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान आणि उपयोजित पोषण संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली असून ती तरमणी येथे आहे. या दोन्ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेशी संलग्न आहेत. परिषदेच्या तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय पातळीवर सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. अभ्यासक्रमाच्या काळात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हॉटेलात काम करून औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

ज्यांना पदवी घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये अन्नप्रक्रिया आणि भोजन सेवेचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम असतात. आठवी उत्तीर्ण तरुणांना या क्षेत्रात आणण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना सुरू केली होती. थोडक्यात, या व्यवसायाचे दार अनेक पातळ्यांवर उघडते. आत गेल्यावर मात्र सर्वांना चार विभागांची ओळख करून घ्यावी लागते.

चार विभाग, चार कौशल्ये

हॉटेलचे काम मुख्यतः फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, अन्ननिर्मिती आणि भोजन सेवा या चार विभागांत चालते.

फ्रंट ऑफिस हा हॉटेलचा चेहरा असतो. आरक्षण, नोंदणी, खोल्यांचे वाटप आणि बिल ही कामे येथे होतात. येथील कर्मचाऱ्याला कर आकारणीही समजावी लागते. उदाहरणार्थ, २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. पूर्वी कर भराव्या लागणाऱ्या अशा खोल्यांवर हा दर १२ टक्के होता. सेवा शुल्क बिलात परस्पर जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. बिलाविषयी पाहुण्याने प्रश्न विचारल्यास ‘नियमच तसा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. नियम काय आहे, हे सांगता आले पाहिजे.

हाउसकीपिंग हे बाहेरून सोपे वाटणारे, परंतु शरीराला सर्वाधिक थकवणारे काम आहे. एका पाळीत साधारण १४ ते १६ खोल्या आवरण्याची अपेक्षा मोठ्या हॉटेलांत असते. त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला असावा लागतो. आधी वापरलेल्या चादरी व अभ्रे काढायचे, मग वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसत जायचे. स्नानगृहाचे फडके पाण्याच्या पेल्याला कधीही लागता कामा नये, यासाठी निरनिराळ्या रंगांची फडकी वापरली जातात. गादी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे, ही सूचना वरवर क्षुल्लक वाटते. परंतु ती न पाळणाऱ्यांना पाठीचे दुखणे जडण्याचा मोठा धोका असतो.

या विभागातील आणखी एक ज्ञान अत्यावश्यक आहे. ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र केल्यास क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळल्यासही घातक वायू निर्माण होतो. बंद स्नानगृहात अशी चूक प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच रसायन मूळ बाटलीतून पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणे, लेबल नसलेली बाटली वापरणे आणि ‘दुप्पट स्वच्छते’साठी दोन द्रावणे मिसळणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य मानल्या जातात.

चेन्नईत पाण्याचे मोलही हाउसकीपिंगला ठाऊक असावे लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते आणि अनेक उपाहारगृहांना कामकाजात काटकसर करावी लागली होती. चादरी व टॉवेल रोज धुण्यापूर्वी पाहुण्याची इच्छा विचारणे, गळणाऱ्या नळाची नोंद त्याच पाळीत करणे, या सवयींचे महत्त्व अशा वेळी पटते.

अन्नसुरक्षा: अदृश्य शत्रूशी गाठ

अन्ननिर्मिती विभागात चवीच्या आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. त्यानुसार अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी अपेक्षित आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये प्रशिक्षणाचा ‘फोस्टॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. दर २५ कर्मचाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असे त्याचे सूत्र आहे.

या विषयाचा गाभा तापमान हा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे लागते. गोठवलेल्या पदार्थांसाठी उणे १८ अंश हे प्रमाण आहे. चेन्नईत जवळपास वर्षभर हवा उष्ण आणि दमट असल्याने ओट्यावर ठेवलेला कोणताही पदार्थ आपोआप धोक्याच्या टप्प्यात येतो. ओल्या नारळाची चटणी आणि भात हे येथील रोजचे पदार्थ या दृष्टीने विशेष जोखमीचे आहेत.

भाताचे उदाहरण उद्बोधक आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की बीजाणूंतून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ‘उकळी आणली की सारे मरते’ ही घरगुती समजूत येथे उपयोगाची नाही. उरलेला भात उथळ परातीत पसरून लवकर थंड करणे आणि शीतकपाटात ठेवणे हाच मार्ग आहे. मोठ्या पातेल्यातील भात तसाच शीतकपाटात ठेवल्यास त्याचा मध्यभाग बराच काळ कोमट राहतो.

याखेरीज मुदपाकखान्यातील प्रत्येकाला पुढील गोष्टींची सवय असावी लागते:

- कच्चे मांस आणि भाजी यांसाठी वेगळे पाट व वेगळ्या सुऱ्या वापरणे, कच्चे मांस शीतकपाटात सर्वांत खालच्या फळीवर ठेवणे.
- साबणाने किमान २० सेकंद हात धुणे. विशेषतः कच्चे मांस, पैसे अथवा मोबाइल हाताळल्यानंतर.
- बोटाला जखम असल्यास ती झाकून हातमोजा घालणे. जुलाब किंवा उलट्या होत असल्यास ते वरिष्ठांना सांगणे आणि अन्नापासून दूर राहणे.
- ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी वापरणे आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहिणे.
- तळणीचे तेल वारंवार न वापरणे. तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड’चे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे.

यांतील आजारपण सांगण्याची बाब सर्वांत अवघड असते. एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी जाणे, अशी अनेकांची स्थिती असते. आजारी कर्मचारी मुकाट्याने कामावर येत राहिला तर त्याचा दोष व्यवस्थेकडेही जातो. आजारपणाची रजा भरपगारी देणारे हॉटेल आपल्या ग्राहकांचेच रक्षण करत असते.

ॲलर्जीचा विषयही असाच गंभीर आहे. शेंगदाणे, काजू, दूध, अंडी, मासे, कोळंबी, तीळ, सोयाबीन आणि गहू यांची काहींना तीव्र ॲलर्जी असते. पाहुण्याने विचारल्यावर खात्री नसताना ‘नाही, त्यात काही नाही’ असे सांगणे हा अक्षम्य अपराध मानला जातो. वाढप्याने आचाऱ्याला विचारूनच उत्तर द्यावे. दक्षिणेत काही रश्श्यांना दाटपणा आणण्यासाठी काजूची पेस्ट वापरली जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

भाषा आणि पान

चेन्नईत हिंदीच्या भरवशावर राहणाऱ्या मराठी तरुणाची लवकरच अडचण होते. फ्रंट ऑफिसमध्ये इंग्रजीने निभावते. परंतु मुदपाकखाना, भांडार, सुरक्षा कक्ष आणि बाजार यांची भाषा तमिळ आहे. सुदैवाने व्यवहारापुरती तमिळ आत्मसात करणे मराठी माणसाला अशक्य नाही. ‘वणक्कम’ म्हणजे नमस्कार. ‘वा’ म्हणजे ‘ये’ आणि ‘वांग’ म्हणजे ‘या’. क्रियापदाला जोडला जाणारा हा आदराचा ‘ंग’ ध्यानात ठेवला की निम्मे काम होते. पाहुण्याला ‘वा’ म्हणणे हे मराठीत वडीलधाऱ्यांना ‘ये’ म्हणण्यासारखेच आहे.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि काही चकवतात. ‘कम्मि’ आणि ‘जास्ति’ हे शब्द तमिळ बोलीतही ‘कमी’ आणि ‘जास्त’ याच अर्थांनी वापरले जातात. परंतु ‘कारम’ म्हणजे खारट नव्हे, तर तिखट. ‘कारम कम्मि’ अशी मागणी आल्यावर मीठ कमी करणाऱ्या नवख्या वाढप्याची फजिती ठरलेली असते. मिठाला ‘उप्पु’ म्हणतात. ‘मोर’ म्हणजे ताक, ‘तयिर’ म्हणजे दही, ‘तण्णी’ म्हणजे पाणी आणि ‘पोदुम’ म्हणजे पुरे. ‘पोदुम’ ऐकू आल्यावरही वाढत राहणे हा आग्रह नसून दुर्लक्ष समजले जाते.

केळीच्या पानावर वाढण्याचे शास्त्र हा तर स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात पानाची डावी आणि उजवी बाजू ठरलेली असते. चटण्या, कोशिंबिरी डावीकडे आणि भाज्या उजवीकडे. तमिळ पद्धतीत पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे पान मांडतात. वरच्या अर्ध्या भागात मीठ, लोणचे, भाज्या इत्यादी आणि खालच्या भागात भात वाढला जातो. सांबार, रसम आणि शेवटी दही किंवा ताक असा भाताचा क्रम असतो. जेवण झाल्यावर पान स्वतःच्या दिशेने दुमडले जाते आणि ती तृप्तीची खूण मानतात. पान विरुद्ध दिशेने दुमडण्याचा संबंध अशुभ प्रसंगाशी जोडला जातो. विवाहाच्या पंगतीत वाढणाऱ्याने हे न जाणून कसे चालेल?

पानाचा संबंध पर्यावरणाशीही आहे. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या १४ प्रकारच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यामुळे पार्सल बांधताना केळीचे पान, कागद आणि धातूचे डबे यांना पुन्हा महत्त्व आले आहे.

दारू वाढण्याबाबतही स्थानिक कायदा माहीत असावा लागतो. तमिळनाडूत २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य देता येत नाही. वयाची शंका आल्यास ओळखपत्र मागणे हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे.

तक्रार कशी ऐकावी?

या व्यवसायात तक्रार टळत नाही. ती हाताळण्याची रीत मात्र शिकता येते. पाहुण्याचे म्हणणे मध्ये न तोडता पूर्ण ऐकून घेणे, झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करणे, आपल्या अधिकारात काय आहे ते सांगणे, दिलेल्या वेळेत ते करणे आणि त्यानंतर स्वतःहून जाऊन विचारपूस करणे, असा तिचा क्रम आहे. दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवणे सर्वांत घातक. पाहुण्याच्या दृष्टीने मुदपाकखाना आणि वाढपी वेगळे नसतात.

मात्र सौजन्य म्हणजे अपमान गिळणे नव्हे. शिवीगाळ, अंगचटीला येणे किंवा खोलीत बोलावून गैरवर्तन करणे सहन करण्याचे बंधन कोणत्याही कर्मचाऱ्यावर नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. छळ करणारा ग्राहक असला तरी महिला कर्मचाऱ्याला दाद मागता येते.

गुप्तता आणि सुरक्षा

पाहुणा हॉटेलवर विश्वास टाकून दार लावून झोपतो. तो विश्वास जपण्याचे काही नियम आहेत. खोलीचा क्रमांक स्वागतकक्षात मोठ्याने उच्चारू नये. पाहुणा मुक्कामास आहे किंवा नाही, हे दूरध्वनीवरून अनोळखी व्यक्तीला सांगू नये. मास्टर की क्षणभरही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. ओळखपत्रांच्या प्रती मोबाइलमध्ये साठवू नयेत. विदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित नोंदणी अधिकाऱ्यांकडे ऑनलाइन पाठवावी लागते. प्रौढ व्यक्तीसोबत आलेले अल्पवयीन मूल भेदरलेले दिसल्यास वरिष्ठांना त्वरित कळवावे. बाल मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ हा आहे.

आपत्तीच्या वेळी काय करावे, याचाही सराव असावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील ताजमहाल हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना मागील वाटांनी बाहेर काढले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. इमारतीचा प्रत्येक जिना आणि प्रत्येक दार ठाऊक असणे म्हणजे काय, हे त्या रात्री देशाला कळले. चेन्नईत संकट बहुधा समुद्राकडून अथवा आकाशातून येते. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी, डिसेंबर २०१५ चा महापूर, डिसेंबर २०१६ चे वरदा आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ या घटना शहराच्या स्मरणात आहेत. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत उंच जागेकडे नेणारा मार्ग, जनरेटरची जागा आणि वृद्ध पाहुण्यांच्या खोल्यांची यादी प्रत्येक पाळीला माहीत असली पाहिजे.

मुदपाकखान्यात आगीचा धोका रोजचाच असतो. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सुमारे १,७०० पटींनी वाढते आणि जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण घालणे अथवा तेलाच्या आगीसाठी असलेले अग्निशामक साधन वापरणे हाच योग्य उपाय आहे. पेटती कढई उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये.

जेथे नकार देणे हेच कर्तव्य

या व्यवसायातील सर्वांत दारुण दुर्घटना पाहुण्यांच्या नजरेआड घडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुर येथे एका खासगी रिसॉर्टच्या सेप्टिक टँकच्या सफाईचे काम करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. अशा टाक्यांमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे समजणारा माणूस फसतो. एक बेशुद्ध पडला की त्याला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही बळी पडतो.

संरक्षक साधनांविना गटारे आणि सेप्टिक टाक्यांची सफाई माणसाकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हे काम यंत्राने करवून घ्यावे लागते. म्हणूनच वरिष्ठाने, कंत्राटदाराने अथवा मालकाने आज्ञा केली तरी टाकीत उतरण्यास नकार देणे आणि कोणी आत पडल्यास स्वतः न उतरता अग्निशमन दलाला बोलावणे, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

आपल्या हक्कांची माहिती

हॉटेल व्यवसायातील अनेक कामगार परराज्यांतून आलेले असतात. निवास आणि भोजन मालकाकडेच असल्याने ते सहसा तक्रार करत नाहीत. तमिळनाडूत उपाहारगृहांतील कामगारांसाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ मिळू शकतो. रुजू होताना नियुक्तिपत्र, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि बक्षिसीच्या वाटपाची पद्धत या पाच गोष्टी स्पष्टपणे विचारून घ्याव्यात. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांनी आरंभी चारही विभागांत काही काळ काम करावे, असे प्रशिक्षक सुचवतात. आपला कल मुदपाकखान्याकडे आहे की स्वागतकक्षाकडे, हे पुस्तकातून समजत नाही. प्रशिक्षणाच्या काळात रोजच्या कामाची वही ठेवावी. स्थानिक भाषेतील दररोज पाच शब्द शिकावेत. आरामदायी आणि न घसरणारे बूट घ्यावेत. दिवसातील आठ-नऊ तास उभे राहायचे असते. रात्रपाळीनंतर झोप पुरी करावी, कारण सुरी, उकळते तेल आणि जिन्यावरची ट्रॉली यांच्याशी गाठ असताना पेंगुळलेला माणूस स्वतःलाच इजा करून घेतो.

चेन्नईच्या हॉटेलांत काम शिकलेल्या तरुणाला आखाती देशांपासून जहाजांवरील क्रूझपर्यंत अनेक वाटा खुल्या होतात. परंतु कोठेही गेले तरी पहिल्या दिवशी तीन ठिकाणे पाहून ठेवावीत: जवळचे आपत्कालीन दार, अग्निशामक साधन आणि हात धुण्याचे बेसिन. बाकीचे काम त्यानंतर सुरू होते.